गौडा चीजमधून तेल सुटतंय आणि खाली रबर उरतंय? सोलापूरच्या उन्हाळ्यात नेमकं कुठं बिघडतं ते सांगते

मार्च लागला की आमच्याकडं हे सुरू होतं. तेच गौडा, तोच तवा, तोच गॅसवरचा टोस्टर, पण डिसेंबरात जे चीज ब्रेडवर सायीसारखं पसरायचं तेच आता वितळताना भसकन तेल सोडतं, ब्रेड खालून ओला गच्च होतो आणि मधे जे उरतं ते चघळत बसायचं, अक्षरशः रबर. मुलगा म्हणायचा आई हे खराब झालंय, मी वास घेऊन बघायचे तर वास एकदम चांगला, चव पण चांगली, तारीख पण शिल्लक. ओळीनं तीन उन्हाळे हेच झालं. मी संध्याकाळी कॉलनीतल्या मुलांसाठी टोस्टच्या ऑर्डरी घेते, रोजचे पंधरा-वीस तरी होतात, त्यामुळं एक ब्लॉक वाया गेला की तो महिन्याच्या हिशोबात लगेच दिसतो. गेल्या वर्षी ठरवलं की आता याच्या मुळाशी जायचंच, आणि जे सापडलं ते सगळं इथं लिहितेय कारण जुळे सोलापुरात काय नि अक्कलकोट रोडला काय, ऊन सगळीकडं तेच आहे.

आधी हे चीज आहे काय ते थोडक्यात सांगते, कारण त्याच्यातच निम्मं उत्तर आहे. गौडा हे नेदरलँडमधलं गाव, तिथल्या बाजारात हे चीज विकायला यायचं म्हणून त्याला गावाचं नाव पडलं, तिकडचे लोक उच्चार खाऊडा असा काहीतरी घशातून करतात. गाईच्या दुधाचं. दूध विरजून, रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) घालून घट्ट दह्यासारखं झालं की ते कापतात, त्यातलं थोडं पाणी काढून टाकतात आणि त्याच्या जागी गरम पाणी घालतात. हे धुणं म्हणजे या चीजचा प्राण. धुतल्यामुळं दुधातली साखर कमी होते, मग जंतूंना आंबवायला कमी मिळतं, मग चीज आंबट न होता सौम्य, गोडसर आणि लवचिक राहतं. मग साच्यात दाबून, मिठाच्या पाण्यात बुडवून, वरून मेण लावून पिकायला ठेवतात. साधारण दहा लिटर दुधाला एक किलो चीज पडतं, म्हणून ते स्वस्त मिळणार नाही हे आधीच धरून चालायचं. चार आठवड्यांचं ते कोवळं, वर्षभराचं ते जुनं. आपल्याकडं दुकानात जे मिळतं ते बहुतेक कोवळंच असतं.

आता क्यूब आणि स्लाइसवाल्या चीजशी याची तुलना करू नका, मी तीच चूक करत होते. प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखी मीठं घातलेली असतात, ती पाणी, फॅट आणि प्रोटीनला एकमेकांत धरून ठेवतात, त्यामुळं ते कितीही तापलं तरी लगेच फुटत नाही. ही युक्ती स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली निघाली, चीज उष्ण देशात पाठवताना टिकावं म्हणूनच. गौड्यात तसलं काही नसतं. त्यात प्रोटीनची एक जाळी असते आणि त्या जाळीच्या घरांत फॅटचे बारीक थेंब बसलेले असतात, बास. जाळी शाबूत तर चीज चांगलं, जाळी फाटली की तेल बाहेर.

आणि दुधाचं फॅट चाळीस अंशाला जवळजवळ सगळंच पातळ होतं. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेर किती असतं? बेचाळीस, त्रेचाळीस. म्हणजे चीज तव्यावर जायच्या आधीच, नुसतं घरी येता येता आतून वितळलेलं असतं. हे माझ्या डोक्यात ज्या दिवशी बसलं त्या दिवशी अर्धा प्रॉब्लेम सुटला.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट तपासा, कारण ही फक्त आपल्या सोलापूरवाल्यांची भानगड आहे. टोस्टमध्ये शेंगाचटणी लावता का? मी लावते, मुलांना त्याशिवाय चालत नाही. आपली चटणी म्हणजे शेंगदाणे तेल सुटेपर्यंत कुटलेले, ती तापली की आणखी तेल सोडते. मग सगळं खापर चीजवर. तेलाचा रंग बघा. पांढऱ्या ताटलीत टोस्ट उघडून ठेवा, तेल लालसर तांबूस असेल तर ते चटणीचं, फिकट पिवळं तुपासारखं असेल तर चीजचं. माझ्याकडं दोन्ही निघालं. चटणीचा उपाय सोपा आहे, चटणी चीजला चिकटून न लावता दुसऱ्या ब्रेडला लावायची, मधे काकडी किंवा कांद्याचा थर, आणि ताजी ओलसर कुटलेली चटणी न घेता जरा कोरडी भरड घ्यायची. चीजचं तेल हा खरा विषय, त्याला वेळ लागला.

मी काय केलं, तर एक दोनशे ग्रॅमचा ब्लॉक सकाळी सातला ऊन चढायच्या आत आणला, आणि त्याचे सारखे तीन तुकडे केले. पहिला बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात. दुसरा ओट्यावर दुपारी तीन तास उघडा, मग रात्रभर फ्रीजमध्ये. तिसरा फ्रीजरमध्ये पंधरा दिवस. आणि चौथं म्हणून किसलेल्या चीजचं तयार पाकीट आणलं. शेजारच्या अक्का डोकावून म्हणाल्या, काय करलालीस गं हे, तुकड्यांवर नंबर कशाला टाकलेत? त्यांना पण बसवून घेतलं, चार डोळे बरे.

ओट्यावरचा दुसरा तुकडा तासाभरातच घामेजला. आधी वरून चकाकी, मग मोत्यासारखे बारीक थेंब, बोट फिरवलं तर तुपकट. खालचा कागद आरपार दिसायला लागला, जसा भज्यांखालचा पेपर दिसतो तसा. तीन तासांनी कडा गोल झालेल्या आणि तुकडा मधे थोडा दबलेला. रात्री फ्रीजमध्ये गेल्यावर तो परत घट्ट झाला, सकाळी हातात घेतला तर कुणालाही वाटेल ताजाच आहे. इथंच सगळे फसतात! घट्ट झालं म्हणजे ठीक झालं असं नाही, एकदा बाहेर आलेलं फॅट पुन्हा आपल्या घरात जाऊन बसत नाही, ते नुसतं जिथं आहे तिथं गोठतं.

मग लोखंडी तवा, मंद गॅस, ज्वारीच्या भाकरीचे चार तुकडे, प्रत्येकावर एकेका नंबरचं चीज, वरून झाकण. पंधरा दिवस थांबले होते त्यामुळं पहिला तुकडा पण तेवढाच जुना होता, हे मुद्दाम. पहिला दीड मिनिटात पसरला, चकचकीत, उचलला तर बोटभर तार आली. दुसऱ्याच्या भोवती रुपयाएवढं तेलाचं कडं जमलं आणि मधे एक गोळा, तो दाताखाली कचकच करत होता. म्हणजे जे उन्हाळाभर होत होतं ते हुबेहूब. फ्रीजरमधला तिसरा हातातच भुगा झाला, खव्यासारखा, सुरीनं काप पडेचनात, पण वितळला मात्र बऱ्यापैकी. पाकीटवाला किस लवकर एकजीवच होईना, शेवया शेवयाच राहिल्या, कारण किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते. अक्का म्हणाल्या आता कळलं गं, माझ्या पिझ्झ्याचं असंच होतंय.

तर पहिलं बिघडतं ते वाटेत. मी नवी पेठेतून दुपारी दोनला खरेदी करून स्कूटीच्या डिकीत चीज टाकून घरी यायचे. डिकी सीटखाली, सीटवर ऊन, खाली इंजिन, आत हात घातला तर भाजतो. वीस मिनिटं. आता मी सकाळी किंवा दिवे लागल्यावरच जाते, डिकीत नाही तर पायाशी पिशवीत, स्टीलच्या डब्यात चीज आणि डब्याला ओला पिळलेला टॉवेल घट्ट गुंडाळून. आपला सोलापुरी टॉवेल यासाठी एक नंबर आहे, जाडजूड असतो, पाणी धरतो, आणि आपली हवा कोरडी असल्यामुळं पाणी भराभर उडतं नि डबा गार राहतो, माठाचंच तत्त्व. बर्फाची पिशवी असेल तर आणखी चांगलं, पण ती चीजला चिकटवू नका, मधे कापड ठेवा.

दुसरं, दुकान. मी तुम्हाला सगळी काळजी घ्या म्हणून सांगेन आणि दुकानातच माल आधी वितळून गोठलेला असेल तर काय उपयोग. मी जिथून आणायचे तिथं एकदा रात्री उशिरा गेले तर शटर अर्धं खाली आणि काचेच्या फ्रीजचं बटण बंद करून मालक निघालेले. रोज रात्री बंद, सकाळी चालू. त्यांना बोलले तर म्हणाले बिल किती येतं माहितीय का ताई. त्यांची अडचण मला समजते पण पाचशे-सहाशे रुपये माझे जातात ना. तेव्हापासून मी पाकीट हातात घेऊन नीट बघते: कोपऱ्यांत तेलाची फिल्म जमलीय का, ब्लॉकच्या कडा धारदार आहेत की गोलसर, पाकीट चीजला घट्ट चिकटलेलं आहे की आत पिवळे ओघळ दिसतात. यातलं एक जरी असलं तरी परत ठेवायचं, तारीख कितीही नवी असली तरी. आणि हो, शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका बघून घ्या, बाहेरून आलेल्या काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं.

तिसरं, घरचा फ्रीज. सगळ्यांचं चीज दारातल्या कप्प्यात असतं, कारण तिथं तसा छोटा कप्पाच दिलेला असतो. मी पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून दारात ठेवला, दुपारी मुलं शाळेतून आल्यावर गार पाण्यासाठी दार उघड-झाप उघड-झाप, तेव्हा दारात अकरा अंश होते आणि खाली भाजीच्या कप्प्यात सहा. त्यात दुपारची लाईट गेली तर विचारूच नका. चीज खाली मागच्या बाजूला ठेवा. प्लास्टिकमध्ये आवळून ठेवू नका, आतला दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. बटर पेपरमध्ये गुंडाळून मग सैल झाकणाच्या डब्यात ठेवायचं. लाईट गेली तर दार उघडायचंच नाही, हा नियम मी घरात सगळ्यांना ओरडून सांगितलाय. चार अंशाच्या आसपास ठेवता आलं तर उत्तमच.

बुरशीचं विचारतातच म्हणून सांगते. अख्ख्या ब्लॉकवर एका जागी हिरवट निळसर ठिपका आला तर त्याच्या सगळ्या बाजूंनी आणि खाली मिळून इंचभर कापून टाका, सुरी बुरशीला लागू देऊ नका, बाकीचं चालतं. पण किसलेलं किंवा कापलेलं असेल तर पूर्ण टाकून द्यायचं, तिथं काटकसर करायची नाही. आणि जुन्या गौड्यात आत पांढरे कुरकुरीत दाणे लागतात ती बुरशी नाही, मीठ पण नाही, पिकताना प्रोटीन मोडून तयार झालेले खडे असतात ते, खुशाल खा. वरचं लाल-पिवळं मेण मात्र काढून टाका, ते खायचं नसतं. हे लिहावं लागतंय कारण आमच्या पुतण्यानं ते खाल्लं होतं.

चौथं बिघडतं तव्यावर, आणि हे बाराही महिने होऊ शकतं. गौडा साधारण पंचावन्न-साठ अंशांपासून मोकळं व्हायला लागतं, म्हणजे त्याला फार आच लागतच नाही. आपण काय करतो, टोस्टर लालबुंद तापवतो, त्यात सँडविच दाबतो, कडेनं बाहेर आलेलं चीज थेट पत्र्याला लागतं, जाळी आवळते, पाणी उडून जातं, फॅट बाहेर पिळलं जातं. ओला कपडा पिळल्यासारखंच समजा. म्हणून चीज काप करून न घालता किसून घाला, किस झटकन वितळतो त्यामुळं जास्त वेळ तापवावं लागत नाही. कडेला अर्धा इंच ब्रेड मोकळा सोडा. आधी ब्रेड दोन्ही बाजूंनी शेकून घ्या आणि चीज शेवटी. तव्यावर करत असाल तर गॅस मंद, झाकण ठेवायचं, झाकणाच्या आत चार थेंब पाणी शिंपडायचं म्हणजे वाफ धरते, मिनिटभरात गॅस बंद आणि आणखी अर्धा मिनिट तसंच झाकून. उरलेल्या उष्णतेवर ते आपोआप होतं. फ्रीजमधून काढून लगेच किसा, गार असतानाच, बाकी सगळी तयारी आधी करून ठेवा. उन्हाळ्यात चीज ओट्यावर ठेवून मग कांदा चिरायला घेतला की संपलं.

सॉसचं वेगळं. पास्त्याला किंवा मक्याला पांढरा सॉस करताना चीज दाणेदार होऊन रव्यासारखं खाली बसतं, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण एकच, उकळत्या दुधात चीज टाकलेलं असतं. भांडं खाली उतरवा, उकळी पूर्ण बसू द्या, बोट क्षणभर बुडवता येईल इतपत, मग शंभर ग्रॅम किसाला एक चमचा कॉर्नफ्लॉवर चोळून तो किस थोडा थोडा घालत ढवळा. मैद्याचा सॉस आधी केलेला असेल तर कॉर्नफ्लॉवरची पण गरज नाही. टोमॅटो असेल तर तो दुधात आधी घालू नका, दूध फाटतंच. रोज मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यांनी फूड ग्रेड सोडियम सायट्रेट आणून ठेवावं, शंभर ग्रॅम चीज आणि तेवढंच दूध असेल तर चार ग्रॅम पुरतं, आधी दुधात विरघळवायचं मग चीज. मी पहिल्यांदा अंदाजानं चमचाभर टाकलं तर खारट साबणासारखी चव आली, वजन काट्यावर करूनच घ्या. आणि सॉस फुटलाच तर फेकू नका, चमचाभर कॉर्नफ्लॉवर दोन चमचे दुधात कालवून घाला, मंद आचेवर जरा दाट होऊ द्या, मग खाली उतरवून जोरात फेटा, नाहीतर मिक्सरमधून एक फेरी काढा, दहापैकी आठ वेळा जुळून येतो.

वर्षभराचं जुनं गौडा कुणी पुण्याहून आणलं तर ते वितळवायच्या नादी लागू नका. त्यातली जाळी पिकताना मोडलेली असते, पाणी पण कमी झालेलं असतं, ते तेलकट आणि दाणेदारच होणार, त्यात कुणाची चूक नाही. ते किसून वरून भुरभुरायचं किंवा तसंच खायचं.

आणि खरं सांगू का, मे महिन्यात मी आता चीज वितळवणंच कमी केलंय. आपल्याकडं कडक भाकरी असताना बिस्किटं कशाला हवीत? पापडासारखी पातळ ज्वारीची कडक भाकरी, तिचा हातभर तुकडा मोडायचा, त्यावर फ्रीजमधून आत्ता काढलेल्या कोवळ्या गौड्याचा पातळ काप, वरून चिमूटभर शेंगाचटणी. चीज गोडसर, चटणी तिखट लसणाची, भाकरी कुर्र. कोवळ्या गौड्याला तव्यावर न घालता खाल्लं तर त्याची दुधाळ चव जशी कळते तशी टोस्टमध्ये कधीच कळत नाही. कॉलनीतल्या मुलांना मी हे दिलं तेव्हा सुरुवातीला नाकं मुरडली, आता टोस्टपेक्षा याच्याच ऑर्डरी जास्त येतात आणि माझा गॅस पण वाचतो. फक्त एकदम सगळं लावून ठेवायचं नाही, भाकरी दहा मिनिटांत मऊ पडते.

जो ब्लॉक आधीच घामेजून बिघडलाय तो टाकू नका, वास चांगला असेल तर किसून धपाट्याच्या पिठात घाला. दोन वाट्या पिठाला अर्धी वाटी किस, तेल नेहमीपेक्षा निम्मं, मीठ पण हात राखून कारण चीजमध्ये असतंच. सुटलेलं सगळं तेल पीठ पिऊन घेतं, धपाटे खुसखुशीत होतात. फ्रीजरमधल्या भुग्याचं पण हेच करायचं, फक्त आदल्या रात्री तो खाली फ्रीजमध्ये उतरवून ठेवायचा, ओट्यावर नाही.